विहिरीत गप्पी जगतात म्हणजे पाणी चांगलं का? पाणपिसवा लावून पाणी तपासायचं कसं

निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदार भाऊंचा प्रश्न आहे. विहीर नाल्याला लागून, वरच्या बाजूला पण सगळ्या बागाच. वडील म्हणतात विहिरीत गप्पी मासे मस्त फिरतात म्हणजे पाणी चांगलं. लॅबवाला म्हणतो कुठली औषधं तपासायची त्यांची नावं द्या, प्रत्येक गटाचे वेगळे पैसे. आणि भाऊंनी कुठंतरी वाचलं की डॅफ्निया नावाचा बारीक पाण्यातला जीव वापरून घरच्या घरी विषारीपणा कळतो. तर हे खरं का, कसं करायचं, आणि त्यावरून पाणी प्यायला चालेल का तेपण कळेल का?

मी नाशिकच्या अंबड-सातपूर पट्ट्यातल्या ईटीपींचं, म्हणजे कारखान्यांच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचं पाणी तपासायच्या कामात बरीच वर्षं आहे, डॅफ्निया, तिची बारीक बहीण मोइना, झेब्राफिश मासा हे रोजचंच. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी थेट उत्तर. हो, घरी करता येतं, खर्च फार नाही. पण यातून "पाण्यात जिवाला बाधणारं काहीतरी आहे का" एवढंच कळतं, काय आहे ते नाही. राखणीचं कुत्रं भुंकतं, चोराचं नाव सांगत नाही, तसंच हे. आणि पिण्याचा प्रश्न पूर्ण वेगळा आहे, त्याचं शेवटी बोलू, कारण तिथे लोक हमखास गोंधळ घालतात.

आता गप्पीचं. वडिलांचं निरीक्षण खरंय, निष्कर्ष चुकलाय. गप्पी हा भयंकर चिवट मासा आहे, गटारीत जगतो म्हणून तर मलेरियावाले तो डबक्यात सोडतात. पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला तरी वर येऊन पृष्ठभागाजवळचं पाणी ओढत राहतो. नाल्याच्या गाळात लाल लाल अळ्या वळवळताना दिसतात ना, कायरोनोमसच्या, त्यांचंही तेच, त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं म्हणून सांडपाण्याच्या गाळात पण आरामात. म्हणजे एखादा जीव जगतोय एवढ्यावरून काही ठरत नाही, तो कशाला चिवट आहे आणि कशाला नाजूक आहे हे माहीत पाहिजे. या सगळ्या टेस्टिंगचं मर्म तेवढंच आहे, आपल्याला ज्या विषाचा संशय आहे त्याला नाजूक असलेला जीव निवडायचा आणि सोबत कंट्रोल ठेवायचा, म्हणजे तेच जीव तुलनेला खात्रीच्या चांगल्या पाण्यात.

डॅफ्निया म्हणजे पाणपिसू. नाव पिसू असलं तरी किडा नाही, झिंग्याच्या नात्यातला कवचवाला जीव आहे, दोन-तीन मिलिमीटरचा, मॅग्ना जातीची मादी पाच मिलिमीटरपर्यंत जाते. अंग काचेसारखं, साध्या भिंगातून पाठीकडचं हृदय धडधडताना दिसतं, आतड्यात हिरवं शेवाळ गेलेलं पण दिसतं. दिवसभर पाणी गाळून खाते, म्हणून पाण्यात जे विरघळलंय किंवा कणांना चिकटलंय ते सगळं तिच्या अंगाला लागतं. आणि टेस्टिंगवाल्यांना सगळ्यात सोयीचं म्हणजे परिस्थिती ठीक असली की नराशिवायच पिल्लं होतात, सगळ्या माद्या, सगळ्या आईच्या कॉपी. त्यामुळे एक मेली आणि एक जगली तर घराण्याचा फरक म्हणून सोडून देता येत नाही. १९४४ मध्ये अँडरसन नावाच्या अमेरिकन संशोधकाने कारखान्यांच्या सांडपाण्यातली रसायनं डॅफ्निया मॅग्नावर तपासून त्यांच्या मर्यादा मांडल्या होत्या, म्हणजे पद्धत काही कालची नाही. आज जगभर ज्या ओईसीडी २०२ नावाच्या पद्धतीने कीटकनाशकांची नोंदणी होताना टेस्ट होते ती पण हीच, ४८ तासांची.

तुमच्या कामाचा भाग इथून. द्राक्षात जे मारलं जातं त्यातलं पाणपिसूला काय कळतं आणि काय नाही?

क्लोरपायरीफॉससारखी फॉस्फरसवाली जुनी औषधं आणि सायपरमेथ्रीन, लॅम्डा सायहॅलोथ्रीन ही पायरेथ्रॉईड मंडळी, यांना ती प्रचंड नाजूक आहे. लिटरला एक मायक्रोग्रॅमच्याही खाली मरते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे किती ते डोळ्यासमोर येत नाही म्हणून हिशोब करून दाखवतो. क्लोरपायरीफॉस २० ईसी च्या एक मिलीत २०० मिलिग्रॅम औषध असतं. तुमची विहीर आठ मीटर व्यासाची आणि आत आठ मीटर पाणी धरलं तर झालं साधारण ४ लाख लिटर. तो एक मिली त्यात नीट मिसळला तर लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम झाला, आणि हे प्रमाण पाणपिसूच्या मरणाच्या पट्ट्यात बसतं. एक मिली! म्हणून मी भेटेल त्या बागायतदाराला पहिला प्रश्न हाच विचारतो की फवारणीच्या ब्लोअरची टाकी कुठे भरता आणि कुठे धुता. पावसाने बागेतलं औषध वाहून विहिरीत येण्यापेक्षा विहिरीच्या थारोळ्याजवळ टाकी धुतल्याने, पाईप विहिरीत सोडून टाकी भरताना उलटं आल्याने विहीर बिघडणं माझ्या मते जास्त होतं, आणि ते कुणी मान्य पण करत नाही.

आता न कळणारी औषधं. इमिडाक्लोप्रिड घ्या. लिटरला १० मिलिग्रॅम असलं तरी डॅफ्निया मॅग्ना ४८ तास पोहत राहते, आणि त्याच्या हजारेक पट कमी प्रमाणात त्या लाल अळ्या आणि ओढ्यातले मेफ्लायचे किडे मरायला लागतात. म्हणजे फक्त डॅफ्निया लावली आणि "पास" लिहून मोकळे झालात तर फसलात. तणनाशकांचं पण तसंच. शेजारच्या उसात टू-फोर-डी मारलं आणि त्याचा झोत आला तर द्राक्षाची पानं पंख्यासारखी आखडतात, वेल ओरडून सांगते, पण त्या प्रमाणाला पाणपिसू ढुंकूनही बघत नाही. तिथे वनस्पतीच लावावी लागते. टोमॅटोची रोपं टू-फोर-डीला चांगली नाजूक असतात, त्या पाण्यावर आठवडाभर वाढवा, कोवळी पानं वळतात का बघा. इतर तणनाशकांसाठी डकवीड, म्हणजे साचलेल्या पाण्यावर टिकलीएवढ्या हिरव्या पानांचा थर येतो ना ते. तीन-तीन पानांचे पुंजके मोजून सोडायचे आणि सात दिवसांनी पुन्हा पानं मोजायची. कंट्रोलमध्ये पानं अडीच दिवसांच्या आत दुप्पट व्हायला पाहिजेत, नाहीतर तुमचं डकवीडच आजारी आहे.

आणि संजीवकं, म्हणजे वेलीची वाढ हवी तशी वळवणारी औषधं. २०१० चा सीझन आठवत असेल, लिहोसिन म्हणजे क्लोरमेक्वॅटचा अंश सापडला म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, नाशिकचे कितीतरी लोक त्यात झोपले. तिथली मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. त्या पातळीला पाणपिसूला काहीच होत नाही. म्हणजे एक्सपोर्टच्या रेसिड्यूचा प्रश्न असेल तर हा खटाटोप करूच नका, त्याला मशीनच लागतं, तो कायद्याने ठरवलेला आकडा आहे आणि जीव मरतो की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही.

मोरचुदाबद्दल वेगळं लिहायला पाहिजे, कारण त्यात तांबं असतं आणि त्याचं चुन्याबरोबर केलेलं बोर्डो सगळेच मारतात. तांब्याला पाणपिसू फार नाजूक आहे, मऊ पाण्यात लिटरला काही दहा-वीस मायक्रोग्रॅममध्येच खेळ खल्लास. आता गंमत बघा, कारखान्याचं प्रक्रिया केलेलं पाणी नदी-नाल्यात सोडायची आपल्याकडची सर्वसाधारण मर्यादा तांब्याला लिटरला ३ मिलिग्रॅम आहे आणि जस्ताला ५. म्हणजे रिपोर्टवर सगळं मर्यादेत, आणि त्याच बाटलीतल्या पाण्यात पाणपिसवा तासाभरात तळाला, असं होऊ शकतं, होतंच. यात लॅब खोटी नाही आणि पिसवा पण खोट्या नाहीत. मर्यादा लिहिताना नदीत पाणी असणार, ते मिसळणार असं गृहीत धरलेलं असतं. नासर्डीला उन्हाळ्यात मिसळायला पाणी कुठून आणणार, तिथे जे सोडलं तीच नदी. त्याच नियमांत बायोअसेची पण अट आहे, १०० टक्के सांडपाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जगले पाहिजेत. पण अर्ध्या लोकांना ती अट असते हेच माहीत नसतं, सगळं लक्ष सीओडीवर, म्हणजे सांडपाण्यातल्या घाणीच्या नेहमीच्या आकड्यावर.

बरं, तांब्याचा विषारीपणा पाण्याच्या जडपणावर फार अवलंबून असतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पाण्यातला सेंद्रिय भाग जास्त असला की तांबं बांधलं जातं, तितकं बाधत नाही. निफाडकडच्या विहिरी बऱ्यापैकी जड पाण्याच्या असतात. त्यामुळे गंगापूर धरणाच्या मऊ पाण्यात वाढवलेल्या पिसवा उचलून एकदम तुमच्या जड पाण्यात टाकल्या तर त्या क्षारांच्या धक्क्यानेच लुळ्या पडतील आणि तुम्ही म्हणाल विष आहे. विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर घ्या, दोन्ही पाणी मोजा, फरक फार असला तर आठवडाभर हळूहळू विहिरीसारख्या जड पण खात्रीच्या पाण्याची सवय लावा. दुसऱ्या एखाद्या विहिरीचं पाणी, जिथे फवारणी नाही, ते कंट्रोल म्हणून सगळ्यात उत्तम.

पिसवा मिळणार कुठे? मत्स्यालयाचा छंद असलेले लोक पिल्लांना खायला घालायला डॅफ्निया आणि मोइना वाढवतात, विकतात पण. माझं स्पष्ट मत, आपल्याकडे मोइनाच घ्या. डॅफ्निया मॅग्ना थंड हवेची बाई, तिला १८ ते २२ डिग्री लागतं, एसी खोलीशिवाय नाशिकच्या एप्रिल-मे मध्ये ती टिकत नाही, थंडीत मात्र छान. मोइना आपल्याकडच्या डबक्यातलीच, २५-२८ ला खूश, चार-पाच दिवसांत वयात येते. तोटा एवढाच की बारीक आहे, पिल्लू म्हणजे धुळीचा कण, काळा कागद खाली आणि बाजूने टॉर्च लावल्याशिवाय मोजता येणार नाही. वयस्कर माणसाला सांगू नका, पोरांना बसवा.

वाढवायला दहा-वीस लिटरचा टब, सावलीत, उन्हाळ्यात बाजूने ओलं गोणपाट. खायला हिरवं पाणी, म्हणजे उन्हात ठेवून शेवाळ धरलेलं, नाहीतर चिमूटभर यीस्ट किंवा स्पिरुलिना पावडर कालवून. पाणी किंचित धुरकट दिसेल एवढंच घाला आणि दुसऱ्या दिवशी ते स्वच्छ झालं की परत. जास्त घातलं की सडतं आणि एका रात्रीत सगळा टब बसतो. पिसवा लालसर दिसायला लागल्या तर ऑक्सिजन कमी पडतोय, त्या हिमोग्लोबिन वाढवतात. आणि माद्यांच्या पाठीवर काळपट खोगीर दिसायला लागलं तर समजा गर्दी झाली किंवा उपासमार, त्या सुप्त अंडी धरतायत. अशा टबातली पिल्लं टेस्टला घ्यायची नाहीत, आधीच त्रासलेली असतात.

नळाचं पाणी थेट वापरायचं नाही. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो, आपल्याला पिऊन काही होत नाही, पिसवा मात्र मरतात. दोन दिवस उघडं ठेवून हवा सोडायची किंवा मासेवाल्याकडचं ॲन्टीक्लोरीन टाकायचं. त्या खोलीत डास पळवायचं लिक्विड लावायचं नाही! त्यात ट्रान्सफ्लुथ्रीनसारखं पायरेथ्रॉईड असतं, ते हवेतून पाण्यात उतरतं. टब अचानक बसला की लोक पाण्याला दोष देतात, अन्नाला देतात, आणि मशीन उशाशी चालूच. तसंच फवारणी करून आलेल्या माणसाने टबात हात घालायचा नाही, कुत्र्याला गोचिडाचं औषध लावलं तरी नाही. भांडी धुताना साबण टाळा, राहिलेला फेस पण मारतो.

नमुना घेताना काचेची बाटली. पायरेथ्रॉईड प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटून बसतात, तुम्ही पाणी आणाल आणि विष बाटलीलाच राहील. त्याच पाण्याने दोन-तीनदा खळबळून, काठोकाठ भरून, आत हवा न ठेवता झाकण, बर्फात, अंधारात, आणि दीड दिवसाच्या आत टेस्ट चालू. नाल्याचं गढूळ पाणी असेल तर तासभर बसू द्या, गाळून घेऊ नका, गाळणीत पण औषध अडकतं. टेस्टच्या आधी खोलीच्या तापमानाला आणायचं, पीएच बघायचा, ६ ते ९ मध्ये असला तर हात लावू नका. सांडपाण्याचा वास येत असेल तर हळूच हवा सोडा, नाहीतर विषाने नाही, गुदमरून मरतील.

आता प्रत्यक्ष टेस्ट. आदल्या संध्याकाळी पोटात पिल्लं भरलेल्या माद्या वेगळ्या भांड्यात काढा, सकाळी तिथे जी पिल्लं दिसतील ती सगळी एक दिवसाच्या आतली. काचेचे छोटे ग्लास, प्रत्येकात ५० मिली. चार ग्लास विहिरीच्या पाण्याचे, चार कंट्रोलचे, आणि जमलं तर चार निम्म्या-निम्म्या मिश्रणाचे. प्रत्येकात ५ पिल्लं, म्हणजे प्रत्येक पाण्याला २०. ग्लासांवर नंबर टाका आणि कुठला नंबर कशाचा ते मोजणाऱ्याला सांगू नका, घरातलीच माणसं असली तरी. बापाला पाणी चांगलं निघायला हवं असतं, पोराला वाईट, आणि दोघांनाही लुळी पिसू वेगवेगळी दिसते.

पिल्लं सोडताना एक बारीक गोष्ट आहे आणि नव्या माणसाचे निम्मे निकाल इथेच बिघडतात. ड्रॉपरचं तोंड रुंद पाहिजे, अरुंद असलं तर पिल्लू चेपतं. आणि ड्रॉपरचं टोक पाण्यात बुडवून मग सोडायचं, वरून थेंब टाकायचा नाही. वरून टाकलं की कवचाखाली हवेचा बुडबुडा अडकतो, पिल्लू वर तरंगतं, पाय मारतं मारतं पण खाली जाता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी मेलेलं सापडतं. त्याला विष कारण नाही, तुमचा ड्रॉपर आहे. सोडल्यावर पाच मिनिटांनी भिंगातून सगळे ग्लास बघा, तरंगणारं पिल्लू दिसलं तर त्याच्यावर त्याच पाण्याचा एक थेंब हळूच सोडा, बुडतं. नाही बुडलं तर बदला.

४८ तास खायला काही घालायचं नाही. २४ तासांनी आणि ४८ तासांनी मोजायचं. मेलं की नाही हे ठरवत बसायचं नाही कारण ते ठरतच नाही, ग्लास हलकेच फिरवायचा आणि १५ सेकंद बघायचं, जे पिल्लू पोहलं नाही ते "अचल" धरायचं, मग मिशा हलत असल्या तरी. कंट्रोलमधल्या २० पैकी दोनपेक्षा जास्त गेली तर टेस्ट रद्द, विहिरीच्या पाण्यात काहीही दिसलेलं असो. इथे मन घट्ट करावं लागतं.

निकाल वाचताना घाई नको. कंट्रोलमध्ये शून्य आणि विहिरीत २० पैकी एक-दोन गेली तर तो योगायोग असू शकतो. चार गेली तरी सीमेवर आहे, पुन्हा करा. पाच-सहाच्या पुढे गेलं की मग योगायोग म्हणणं अवघड. निम्म्या मिश्रणात पण मेली तर जोर जास्त. कंपन्यांच्या पाण्यात आम्ही १००, ५०, २५, १२.५, ६.२५ टक्के असं उतरत जातो आणि निम्मी पिल्लं जिथे लुळी पडतात तो आकडा काढतो, तो २५ टक्क्यांवर आला तर पाणी ४ विषारी एककांचं म्हणतात, १०० भागिले २५. तुम्हाला एवढं नको.

पण एक करा, दर वेळी सोबत मिठाचे ग्लास लावा. लॅबमध्ये पोटॅशियम डायक्रोमेट वापरतात, डॅफ्निया मॅग्नाची निम्मी पिल्लं २४ तासांत लिटरला ०.६ ते २.१ मिलिग्रॅमच्या मध्ये गेली पाहिजेत, त्या बाहेर गेली तर कल्चरवर शंका. घरी डायक्रोमेट आणू नका, कॅन्सरकारक आहे. खडे मीठ घ्या, लिटरला १, २, ४, ८ ग्रॅम. कुठल्या ग्लासात निम्मी जातात ते वहीत लिहा. पुढच्या महिन्यात तोच आकडा आसपास आला तर तुमच्या पिसवा त्याच आहेत, भरवसा ठेवा. एकदम कमी मिठात मरायला लागल्या तर त्या आजारी आहेत, त्या वेळचा विहिरीचा निकाल पण धरू नका.

समजा विहिरीच्या पाण्यात मेल्या, मग कशाने मेल्या? हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. पाणी तसंच ठेवून एकेक गोष्ट बदलायची. थोडं सोडियम थायोसल्फेट टाकलं आणि पिल्लं वाचली तर क्लोरीनसारखं काहीतरी होतं, ईटीपीवाले शेवटी हायपोक्लोराईट ओतून वास मारतात त्यांचं असंच पकडलं जातं. ईडीटीए टाकलं आणि वाचली तर तांबं, जस्त, निकेल यातलं काहीतरी, कारण ते धातूला कवटाळून बसतं. सहा-वेलन्स क्रोम मात्र ईडीटीएला दाद देत नाही, तो ऋण भाराचा असतो. झिओलाईटमधून पाणी काढल्यावर वाचली तर अमोनियाकडे बोट, आणि नदीकाठी बऱ्याच वेळा तेच निघतं, नाशिकमधल्या टाकळीच्या खालच्या बाजूला दुपारी शेवाळामुळे पीएच चढला की तोच अमोनिया सकाळपेक्षा कितीतरी जास्त बाधतो. सगळ्यात भारी युक्ती पिपरोनिल ब्युटॉक्साईडची. हे टाकल्यावर पिसवा वाचल्या तर क्लोरपायरीफॉसच्या जातीचं औषध, कारण ते औषध शरीरात जाऊन बदललं की मगच जहाल होतं आणि तो बदलच हे अडवतं. उलट जास्त मेल्या तर पायरेथ्रॉईड, कारण त्याला मोडून टाकणारी यंत्रणा पण तीच, ती बंद पडली. एकच बाटली, दोन उलटी उत्तरं. ही कामं लॅबमध्ये करून घ्या, प्रमाण चुकलं तर ईडीटीए स्वतःच मारतं. पण यामुळे तुमचा तो पैशांचा प्रश्न सुटतो, सगळे गट तपासायला लावण्याऐवजी लॅबवाल्याला सांगता येतं की फक्त पायरेथ्रॉईड बघा.

कॉलेजची पोरं विचारतात आर्टेमिया चालेल का, अंडी दुकानात मिळतात, मिठाच्या पाण्यात दीड दिवसात फुटतात, सोपं. सोपं आहे पण तो खाऱ्या पाण्यातला जीव, विहिरीचं पाणी तपासायला त्यात मीठ घालावं लागणार आणि धातूंना तो बऱ्यापैकी दगड आहे. प्रोजेक्टला ठीक. त्यापेक्षा हायड्रा बघा, गोड्या पाण्यातला नळीसारखा, तोंडाभोवती बारीक हात असलेला जीव, पानवेलीच्या मुळ्या काचेच्या बरणीत टाकून रात्रभर ठेवल्या की सकाळी काचेला चिकटलेले सापडतात कधीकधी. तांब्याला मस्त नाजूक, आधी हातांची टोकं गोळा होतात, मग हात आखूड, मग सगळं आकसून ट्यूलिपच्या कळीसारखं, मग विरघळतं. पुण्याच्या आघारकर संस्थेत हायड्रावर फार चांगलं काम झालंय.

आता पिण्याचं. पिसवा ४८ तास नाचल्या म्हणून पाणी पिऊ नका. नायट्रेटची पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, बागायती पट्ट्यात युरियामुळे ती ओलांडणाऱ्या विहिरी भरपूर, आणि पाणपिसूला त्याच्या कितीतरी पट जास्त नायट्रेट चालतं. शेणातले जंतू तर ती खाते, तिच्यासाठी तो नाश्ता. आणि उलट, क्लोरीन टाकलेलं सुरक्षित पाणी तिला मारतं. दोन्हीकडून उत्तर चुकीचं येतं. पिण्यासाठी सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत जंतू, नायट्रेट, फ्लोराईड, टीडीएस एवढं करून घ्या, गावात जंतू ओळखायच्या एचटूएसच्या बाटल्या मिळाल्या तर त्या पण लावा, काळी पडली की उकळल्याशिवाय प्यायचं नाही.

एक जाता जाता. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळ सँडोझच्या गोदामाला आग लागली, विझवायच्या पाण्याबरोबर टनावारी कीटकनाशकं ऱ्हाईन नदीत गेली, मासे मेले. त्यानंतर त्या नदीवर ठिकठिकाणी अशी केंद्रं झाली जिथे नदीचं पाणी सतत पाणपिसवांच्या टाकीतून जातं, कॅमेरा त्यांचं पोहणं बघत बसतो, चाल बिघडली की अलार्म. पोलंडात वॉर्सा शहर पिण्याच्या पाण्यासाठी शिंपले वापरतं, शिंपल्यांनी तोंड मिटलं की गडबड. आपल्याकडे नांदूर मध्यमेश्वर रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत आलं, महाराष्ट्रातलं पहिलं, गोदावरी-कादवाच्या संगमावर, आणि वरून नाशिकचं सगळं पाणी तिथेच येतं. तिथे असा एक टब बसवायला हरकत काय आहे मला कळत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर असं करा. आत्ता मोइना आणून महिनाभर नुसत्या सांभाळा, मिठाची टेस्ट दोनदा करून आकडा जुळतोय का बघा. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी रोगाच्या फवारण्या जोरात असतात तेव्हा एक नमुना विहिरीचा, एक नाल्याचा विहिरीच्या वरच्या अंगाला आणि एक टाकी धुता त्या जागेजवळच्या डबक्याचा, तिन्ही एकाच दिवशी. पाऊस पडला तर दुसऱ्या सकाळी परत तिन्ही. फक्त डबक्यात मेल्या तर आधी टाकी धुण्याची जागा विहिरीपासून लांब हलवा, लॅबला एक रुपया देऊ नका. नाल्यात आणि विहिरीत दोन्हीकडे मेल्या तर ईडीटीए आणि पिपरोनिलवालं काम लॅबकडून करून घ्या आणि वरच्या बागांची फवारणीची वही मिळते का बघा. कुठेच नाही मेल्या पण इमिडाक्लोप्रिड कुणीतरी ड्रिपमधून सोडतंय असं माहीत असेल तर ते एकटं औषध मशीनवर तपासून घ्या, तिथे मोइनाच्या भरवशावर राहू नका. आणि टेस्ट झाल्यावर उरलेल्या पिसवा विहिरीत किंवा नाल्यात ओतायच्या नाहीत, विशेषतः मॅग्ना असतील तर, उकळतं पाणी घालून मग झाडाला टाका.